क्लासिक ३५० ला ऑइल कूलर: एक उन्हाळा, एक गळती आणि आताची थंडी

ठिबक सिंचनाच्या कामासाठी माझं रोजचं फिरणं. जळगावहून कधी धुळे, कधी चोपडा-यावल, कधी पार रावेर. गाडी २०१४ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०. पारा ४५ च्या पुढे सरकला की तासाभराने गाडीचा नूर बदलायचा. टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) वाजायचे, गिअर खट्टकन पडायचा, सिग्नलला न्यूट्रल सापडायचं नाही. या इंजिनात क्लच आणि गिअरबॉक्सलाही इंजिनाचंच तेल. ते तापून पातळ झालं की सगळीकडेच जाणवतं. म्हणून एप्रिलच्या शेवटी ऑइल कूलर, म्हणजे तेल थंड करणारी जाळी, बसवून घेतला. किट, पाइप, मजुरी सगळं सात हजारांच्या आत.

ऑइल फिल्टरच्या झाकणाजागी दोन तोंडांचं झाकण येतं. तिथून तेल फ्रेमच्या पुढच्या नळीवर बसवलेल्या जाळीत जातं आणि थंड होऊन परततं. जाळीत आणि पाइपांत तेल मावतं, त्यामुळे माझ्या गाडीला २०० मिली जादा लागलं. बसवल्यावर इंजिन थोडं चालू ठेवून इंजिनावरच्या काचेतून तेलाची पातळी पुन्हा बघायचीच.

नुसतं ‘गार वाटतं’ म्हणण्यात अर्थ नाही, म्हणून तापमान मोजायची गन घेतली. कोरोनात कपाळाला लावायचे ती नव्हे, वर्कशॉपची. चमकत्या ॲल्युमिनियमवर ती आकडा कमी दाखवते, म्हणून क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या कवचावर) काळ्या टेपचा तुकडा चिकटवला आणि दर वेळी तिथेच मोजलं. कूलरआधी एप्रिलच्या दुपारी ७० च्या वेगाने धुळ्यात पोचल्यावर ११६ अंश. कूलर लावल्यावर, ऊन त्याहून कडक असताना, १०१ ते १०३. गिअर शेवटपर्यंत मऊ. लांब पल्ल्याला पैसे वसूल.

पण जळगावात शिरल्यावर हायवेच्या गर्दीत अडकलो की आकडा पहिल्यासारखाच चढतो. जाळीला वारा लागतच नाही, तेल थंड होणार कशाने? फक्त गावात चालवणाऱ्याने हा खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता गळतीचं. बसवल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात पारोळ्याला चहाला थांबलो. टपरीवाल्या बाबांनी गाडीखाली बोट दाखवलं, “भाऊ, हाई काय शे?” खाली थेंब थेंब तेल. उजवा बूट ओला, मागच्या टायरच्या कडेलाही तेलाचा पट्टा. वळणावर टायर घसरला असता, या विचाराने अंगावर काटा आला. खोलून पाहिलं तर फिटिंग करणाऱ्याने बँजो बोल्टला (तेलाचा पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टला) जुनेच चपटलेले तांब्याचे वॉशर लावलेले. चिल्लर पैशांची वस्तू! बोल्ट खोलला की वॉशर नवेच टाका आणि ते स्वतः समोर उभं राहून बघा. तेव्हापासून मी रोज सकाळी दोन्ही जोडांवर पांढरं फडकं फिरवतो. आठ महिन्यांत ते एकदाही काळं झालेलं नाही.

दिवाळीनंतर वेगळाच त्रास. कापसाच्या गाड्यांमागे चालून जाळीच्या फटींत सरकी-कापसाचे तंतू नि धूळ मिळून नमद्यासारखा थर बसला. जुन्या टूथब्रशने, साध्या पाण्याने हळू काढला. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा तिथे मारू देऊ नका, पत्रे वाकतात.

आणि आता जानेवारी. पहाटे फैजपूरकडे केळीच्या बागांमधून जाताना हात बधिर होतात आणि तेल तापायचं नावच घेत नाही. माझ्या किटला थर्मोस्टॅट, म्हणजे तेल तापेपर्यंत ते जाळीकडे जाऊ न देणारी झडप, नाही. अशा थंडीत १५ दिवस चालवून तेलाचं झाकण उघडलं तर आतून दुधाळ, पिवळट फेस. इंजिनातली वाफ तेल नीट तापल्याशिवाय उडत नाही, ती तिथेच साचते. पत्र्याचा तुकडा कापून जाळीचा वरचा अर्धा भाग झाकला, आठवड्यात फेस गेला. होळीनंतर तो पत्रा काढणार आहे. नवीन घेणाऱ्यांनी हजारभर जास्त गेले तरी थर्मोस्टॅटवालंच किट घ्यावं.