घरी येणारा ख्रिस्तप्रसाद: ठाणे-नवी मुंबईत आजाऱ्यांसाठी चालणारी सेवा कशी आहे

माणूस अंथरुणाला खिळला की पहिला पंधरवडा घर भरलेलं असतं. फळं येतात, डबे येतात, शेजारपाजारचे जमून प्रार्थना म्हणतात. तिसऱ्या महिन्यात फिजिओथेरपीचे पैसे जड व्हायला लागतात, रुग्ण भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, आणि दारावरची बेल वाजायची थांबते. कॅथलिक धर्मग्राम, म्हणजे एकेका चर्चचा परिसर, आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद पोचवतात, म्हणजे मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) अर्पण झालेली पवित्र भाकर. ही सेवा तोलायची ती या तिसऱ्या महिन्यात. आणि तिथे ती खरी उतरते. पक्षाघात असो, मोडलेलं खुब्याचं हाड असो की नुसतं म्हातारपण, नाव एकदा यादीत गेलं की माणूस येत राहतो. त्याचे पैसे लागत नाहीत.

बहुतेक ठिकाणी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर स्वतः फेरी करतात आणि एरवी रविवारच्या मिस्सानंतर नेमलेले प्रापंचिक सेवक, म्हणजे धर्मगुरू नसलेले साधे भाविक, जातात. फादरांऐवजी समोरच्या इमारतीतल्या बाई ख्रिस्तप्रसाद घेऊन आल्या की काही ज्येष्ठांना ते कमी वाटतं. तसं वाटायचं कारण नाही. चर्चने १९७३ साली ही मुभा दिली ती आजारी माणसाला वाट पाहावी लागू नये म्हणूनही, आणि हातात असतो तो त्याच वेदीवरचा ख्रिस्तप्रसाद.

नाव चर्चच्या ऑफिसात किंवा आपल्या विभागाच्या अ‍ॅनिमेटरकडे (विभागातल्या कुटुंबांचं काम पाहणाऱ्या कार्यकर्त्याकडे) द्यायचं. फक्त नाव-पत्ता देऊन थांबू नका. रुग्णाला गिळायला त्रास आहे का, ऐकू येतं का, ऑक्सिजन लावलाय का, घरातलं आणखी कोण ख्रिस्तप्रसाद घेणार आणि प्रार्थना कोणत्या भाषेत हवी, एवढं लिहून द्या. भाषेचं मुद्दाम सांगावं लागतं, नाहीतर पुस्तक इंग्रजीतलं येतं. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी मुलाचं नाव विसरतात, पण लहानपणी ज्या बोलीत ‘आमच्या स्वर्गातील बापा’ शिकल्या त्या बोलीत कुणी सुरुवात केली तर ओठ हलायला लागतात. तिथे भाषा चुकली तर अर्धी भेट वाया गेली. कल्याणच्या सिरो-मलबार (केरळच्या जुन्या परंपरेतल्या कॅथलिकांच्या) महाधर्मप्रांतातल्या मल्याळी कुटुंबांचे धर्मग्राम वेगळे आहेत. त्यांनी नोंद तिकडे करावी, पण तातडीच्या वेळी जवळच्या कुठल्याही कॅथलिक चर्चला फोन करायला हरकत नाही.

सगळ्यात मोठी तक्रार वेळेची आहे आणि ती रास्त आहे. दहाची वेळ सांगतात, बारा वाजतात. एका सेवकाकडे सात-आठ घरं, त्यात घोडबंदर रोडची वाहतूक आणि टॉवरच्या लिफ्ट. उशीर एक वेळ चालेल, पण त्यातून होणारं नुकसान टाळता येण्यासारखं आहे. ख्रिस्तप्रसादाआधी तासभर काही खायचं नाही हा नियम मनात पक्का बसलेला असल्याने मधुमेह असलेले वृद्ध सकाळपासून उपाशी बसतात, इन्सुलिन घेतलेलं असतं, आणि साखर खाली जाते. तो नियम वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागूच होत नाही. नाश्ता वेळेवर द्या, गोळ्या वेळेवर द्या. हे सेवकांनी पहिल्याच भेटीत सांगायला हवं. अनेकदा सांगितलं जात नाही.

येणारा माणूस गळ्यातल्या छोट्या पिशवीत पिक्स घेऊन येतो. ही बसक्या गोल डबीसारखी असते, आतून सोनेरी मुलाम्याची. चर्चमधून निघाल्यावर तो वाटेत कुठे थांबत नाही, गप्पा मारत नाही. त्यामुळे सोसायटीच्या गेटवर त्याचं नाव आधीच नोंदवून ठेवा. वॉचमनने इंटरकॉम लावत त्याला दहा मिनिटं उभं करणं बरं दिसत नाही. आल्या आल्या चहा विचारू नका. प्रार्थना झाल्यावर विचारा, आणि पुढची घरं बाकी असल्याने तो नाही म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका.

खोलीत लागतं थोडंच: खाटेजवळ लहान टेबल, त्यावर स्वच्छ पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पेलाभर पाणी, चमचा आणि एक रुमाल. क्रूस, मेणबत्त्या आणि पवित्र पाण्याची बाटली असलेले तयार संच दुकानात मिळतात. घरात क्रूस असेल तर ते घेण्यात पैसे घालवू नका. टीव्ही बंद, मोबाइल गप्प. ऑक्सिजन चालू असेल, मग सिलिंडर असो की कॉन्सन्ट्रेटर, तर मेणबत्ती पेटवायची नाही. चादर, उशी, केस यांत ऑक्सिजन मुरलेला असतो आणि साधी ठिणगीही भडकते. बॅटरीवरचा दिवा लावा. विधीला त्याने काही उणेपणा येत नाही.

प्रार्थना दहा-पंधरा मिनिटांची असते: घराला शांतीचं अभिवादन, क्षमायाचना, शास्त्रपाठ, प्रभूची प्रार्थना, ख्रिस्तप्रसाद, थोडा वेळ शांतता, शेवटची प्रार्थना. ती शांतता गाळली जाते, हा आमचा आक्षेप. घाईघाईत पिक्स मिटून उठणारा सेवक रुग्णाला सगळ्यात हवी असलेली दोन मिनिटं काढून घेतो. पाठाची निवडही नेहमी बायबलातल्या २३व्या स्तोत्रावर, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’वर, येऊन थांबते. वेदनेने कंटाळलेल्या माणसाला १३वं स्तोत्र जास्त जवळचं वाटेल. सहाच ओव्यांचं आहे, देवाला थेट जाब विचारतं आणि मगच भरवशाकडे वळतं. पाठ कोणता हवा हे घरच्यांनी सुचवलेलं चालतं.

चूक सर्वाधिक होते ती गिळताना. केमोनंतर तोंड आलेलं असतं, औषधांनी जीभ कोरडी पडते, आणि ख्रिस्तप्रसादाची अख्खी चकती टाळूला चिकटून ठसका लागतो. आधी डोकं आणि पाठ उचलून रुग्णाला शक्य तितकं सरळ बसवा. नीट गिळता येत असेल तर चमचाभर पाण्याने तोंड ओलं करा, सेवकाला चकतीचा अगदी छोटा, पाव भागापेक्षाही लहान तुकडा मोडायला सांगा, आणि तो चमच्यात पाण्यासोबत द्या. तुकडा लहान म्हणून प्रसाद अपुरा ठरत नाही. पक्षाघात किंवा पार्किन्सन्समध्ये पातळ पाणीच श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो; तिथे डॉक्टरांनी किंवा स्पीच थेरपिस्टने सांगितलेल्या घट्टपणाचंच द्यायचं. नंतर अर्धा तास आडवं करू नका. भाकर अजिबात जातच नसेल, तर केवळ द्राक्षारसाच्या रूपातही ख्रिस्तप्रसाद देता येतो, पण त्याची व्यवस्था फादरांशी आधी बोलूनच होते. तोंडावाटे काहीच द्यायचं नसेल, नाकातून नळी असेल, तर आग्रह नको. मनोमन ग्रहण करण्याची प्रार्थना सोबत म्हणावी. तुकडा तोंडातून बाहेर आला तर कचऱ्यात टाकायचा नाही. स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळू द्यायचा आणि ते पाणी पायदळी न येणाऱ्या मातीत ओतायचं, किंवा सेवकाकडे सोपवायचं.

कन्फेशन (पापांची कबुली) आणि तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) मात्र फादरांकडूनच. प्रापंचिक सेवक ते करू शकत नाही, म्हणून वेगळं बोलवावं लागतं. कन्फेशनच्या वेळी घरच्यांनी बाहेर जाऊन दार लावून घ्यायचं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना मोठ्याने बोलावं लागतं, तेव्हा स्वयंपाकघरात थांबूनही उपयोग नाही, जिन्यात जा.

तैलाभ्यंगाबाबत घरच्यांची चूक सेवेच्या चुकीपेक्षा मोठी आहे. ‘फादर आले म्हणजे आता संपलं,’ या भीतीने फोन शेवटच्या रात्री होतो. रुग्ण तोवर बेशुद्ध असतो, कधी गेलेला असतो, आणि मृताला हा संस्कार देत नाहीत, त्याच्यासाठी प्रार्थना करतात. मोठ्या ऑपरेशनच्या आधी, आजार गंभीर आहे असं कळल्यावर, खूप थकलेल्या वृद्धाला विशेष आजार नसतानाही, तो घेता येतो. कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात, हे बायबलातल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाला धरून आहे. बरं वाटून पुन्हा आजार उलटला किंवा तब्येत आणखी ढासळली, तर पुन्हा घेता येतो. ११ फेब्रुवारीच्या जागतिक रुग्णदिनाच्या आसपास अनेक चर्चमध्ये तो सगळ्यांसमोर मिस्सात देतात. भीती मोडायला ही संधी चांगली, व्हीलचेअर घेऊन जा. अखेरच्या टप्प्यावरचा संस्कार खरं तर तेलाचा नव्हेच, ख्रिस्तप्रसादाचा आहे. लॅटिनमध्ये त्याला ‘व्हियाटिकम’ म्हणतात, म्हणजे वाटेची शिदोरी. शिदोरी निघण्याआधी बांधतात. माणूस शुद्धीवर असताना, गिळू शकत असताना फादरांना बोलवा.

आयसीयूमध्ये भेटीच्या वेळा आणि नर्सची परवानगी यांवर सगळं अडतं. परवानगी घरच्यांनी घेऊन ठेवायची आणि मगच फोन करायचा. दवाखान्यातून सुटी मिळाली, घर बदललं किंवा रुग्ण देवाघरी गेला, तर ऑफिसला कळवा. जुन्या याद्या तशाच फिरतात आणि दुःखातल्या घराची बेल ‘आजोबा कसे आहेत’ म्हणून वाजते. इथे धर्मग्रामांनी महिन्याला यादी तपासायलाच हवी.

औषधांचे पैसे, किराणा ही मदत या सेवेत येत नाही. त्यासाठी त्याच चर्चमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, ही गरजूंना मदत करणारी भाविकांची संस्था, आहे का ते विचारा. सेवकासमोर अडचण बोलून दाखवायला संकोच करू नका, निरोप पोचवणारा तोच असतो.

आणि घरच्यांची नोंद विसरू नका. रात्रंदिवस रुग्णाजवळ असणाऱ्या सुनेला किंवा मुलीलाही रविवारची मिस्सा चुकलेलीच असते. तिलाही त्याच भेटीत ख्रिस्तप्रसाद घेता येतो, पण पिक्समध्ये मोजून ठेवलेला असतो. किती जण घेणार, तो आकडा शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.