ग्नोम टर्मिनल, किटी की कोन्सोल: मराठी फाइलनावं वाचायची असतील तर

आमच्या छापखान्यात फाइलीला गिऱ्हाईक सांगेल तेच नाव पडतं. 'शुभविवाह खानापूर', 'वास्तुशांती निपाणी', 'उद्घाटन उद्यमबाग'. काही मराठीत, काही कन्नड लिपीत, कारण बेळगावात एकच पत्रिका दोन्हींत मागणारी घरं पुष्कळ आहेत. पीडीएफ जोडणं, फोटो लहान करणं, रात्री दुसऱ्या डिस्कवर नक्कल पाठवणं ही कामं मी टर्मिनलमधूनच, म्हणजे लिनक्समध्ये आज्ञा टाइप करायच्या खिडकीतूनच करतो. चाळीस फाइलींवर तेच ते काम माउसने करत बसलो तर दुकान बंद करायला रात्रीचे बारा वाजतील.

त्यामुळे मला जो त्रास झाला तो तुम्हाला होईलच असं नाही. फाइलींची नावं इंग्रजीत ठेवत असाल तर ग्नोम टर्मिनल, किटी, कोन्सोल या तीन टर्मिनलांतलं कुठलंही घ्या, फारसं बिघडणार नाही.

ग्नोम टर्मिनल मी सर्वांत जास्त काळ वापरलं. त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही. प्रोफाइल आहेत, रंग बदलता येतात, अक्षरांमधली आणि ओळींमधली जागा थोडी सैल करता येते. चाळिशीनंतर ही जागा फार कामाची, हे स्वानुभवाने सांगतो. ओळींत थोडी हवा आली की फॉन्ट मोठा न करताही वाचायला सोपं जातं. दुकानाच्या दारातून दुपारी ऊन थेट पडद्यावर येतं, तेव्हा काळ्या पाटीवर राखाडी अक्षरं दिसतच नाहीत. म्हणून दिवसा सोलराइज्ड या तयार रंगसंगतीची फिकट बाजू आणि संध्याकाळी गडद, अशी दोन प्रोफाइल केली. इथपर्यंत सगळं छान.

किटी भाच्याने बसवून दिलं. तो बंगळूरला नोकरीला आहे. दिवाळीला आला आणि माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला, "मामा, अजून हेच घेऊन काय करायलास?" किटी कोविद गोयल यांचं. ई-पुस्तकांसाठी कॅलिबर वापरणाऱ्यांना हे नाव ओळखीचं असेल. वेग खरंच जाणवतो. हजारो ओळी सरकवल्या तरी पडदा अडखळत नाही. एकाच खिडकीत तीन-चार कप्पे पाडता येतात आणि मला सर्वांत आवडलेलं म्हणजे चित्र टर्मिनलच्या आतच दिसतं. फोटो लहान झाला की लगेच तिथेच बघायचा. छापखान्यासाठी ही चैन नव्हे, सोय आहे. खरं (आमच्याकडे 'पण'ला आम्ही 'खरं' म्हणतो) मागच्या खोलीतल्या जुन्या यंत्रात दुरून शिरलं की ते म्हणायचं, हा टर्मिनल कुठला, मला माहीत नाही. किटी स्वतःची ओळख वेगळ्या नावाने सांगतो आणि जुन्या यंत्राच्या यादीत ते नाव नसतं. त्यावर किटीचाच उपाय आहे, दुरून शिरायची त्याची स्वतःची आज्ञा वापरायची. मी ती दर दुसऱ्या दिवशी विसरायचो. दोष माझा म्हणा हवं तर.

आता मुद्द्याचं.

टर्मिनल म्हणजे गणिताची चौकटींची वही. एका चौकटीत एक अक्षर, असा त्याचा मूळ हिशेब. इंग्रजीला तो पुरतो. आपल्या अक्षरांना नाही. 'स्मृ'मध्ये चार चिन्हं असतात आणि कागदावर ती मिळून एक दिसतात. पहिली वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या नंतर येते, दिसायला मात्र आधी लागते. रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढून बसतो. चौकटींचा हिशेब सोडायचा नाही म्हटलं की हे सगळं फुटतं. ॲलाक्रिटी नावाचं आणखी एक टर्मिनल मी दोनच दिवस ठेवलं ते यामुळेच: वेलांटी आपल्या चौकटीत, म्हणजे व्यंजनाच्या नंतर. 'पत्रिका' वाचायला गेलं की वेलांटी 'का'ला टेकलेली. ग्नोम टर्मिनलमध्ये माझ्याकडे जोडाक्षरं उघडी पडायची, पाय मोडलेली. किटीमध्ये ती एकमेकांवर चढायची. किटीच्या नव्या आवृत्त्यांत या बाजूने काम झालंय, तेव्हा माझं हे मत जुनं झालेलं असू शकतं.

इतकं असूनही मी वर्षभर चालवून घेतलं. माणूस सवयीने फुटकी अक्षरंही वाचायला शिकतो. एका रात्री अकराच्या सुमारास एका घरच्या स्मृतिदिनाचं पत्रक छापायचं होतं. त्याच दिवशी दुपारी कुठल्याशा मंडळाच्या स्मृतिचिन्हाबरोबर द्यायचं मानपत्र छापलेलं. वरच्या बाणाने जुनी आज्ञा वर आणली, 'स्‌मृत' इतकं दिसलं, पुढे दोन सैरभैर वेलांट्या, आणि एंटर दाबलं. दोनशे प्रतींतल्या वीसेक बाहेर आल्यावर कळलं की मी पुन्हा मानपत्रच छापतोय. कागद गेला तो गेला. ते पत्रक सकाळी आठला न्यायला येणार होते, म्हणून घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी कोन्सोल बसवलं.

केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपचं आहे, त्यामुळे दुसऱ्या डेस्कटॉपवर ते एकटं येत नाही, पाव्हण्यांसारखं केडीईच्या इतर सॉफ्टवेअरचा गोतावळा घेऊन येतं. नुसतं उघडून मराठी बघितलं तर कदाचित तुम्ही निराश व्हाल. प्रोफाइलच्या प्रगत पानावर मजकूर शब्दाशब्दाने मांडायची सोय आहे आणि तिथेच ब्राह्मी कुळातल्या लिपींसाठी वेगळी खूण आहे. ती केली आणि 'स्मृतिदिन' 'स्मृतिदिन'सारखं दिसलं. कन्नड अक्षरांच्या पायाखालचे ओत्तूसुद्धा (जोडाक्षरातली खाली लिहायची व्यंजनं) जागेवर.

याची किंमत आहे. यादीत मराठी नावांपुढचे रकाने सरळ रेषेत राहत नाहीत, आणि नावाच्या मध्ये कर्सर नेऊन एखादं अक्षर दुरुस्त करायला गेलं की कर्सर दिसतो एकीकडे आणि अक्षर पडतं दुसरीकडे. मी मध्ये जातच नाही. सुरुवातीची दोन अक्षरं टाइप करतो आणि टॅब दाबतो, उरलेलं नाव आपोआप पुरं होतं. वाकडा रकाना मला चालतो, वाकडी वेलांटी नाही. बाकी, केडीईच्या डॉल्फिन या फाइली बघायच्या खिडकीत एफ४ दाबलं की खाली त्याच फोल्डरमध्ये कोन्सोल उघडतं, ही सवय एकदा लागली की सुटत नाही.

फेडोरा या लिनक्सने ४१ व्या आवृत्तीपासून प्टिक्सिस हे नवं टर्मिनल दिलंय, तेच घ्यावं का, असं कुणी विचारेल. दिसायला सुबक आहे. पण ग्नोम टर्मिनल, टिलिक्स, टर्मिनेटर आणि हे, सगळे आतून व्हीटीई या एकाच सामायिक भागावर चालतात. एकाच कढईतला कुंदा, डबे वेगळे.

दोन गोष्टी मात्र कुठल्याही टर्मिनलवर कराव्या लागतील. यादीत मराठी नावाऐवजी उलट्या रेघा आणि आकडे दिसले तर टर्मिनलला शिव्या देऊ नका. यंत्राची भाषा-मांडणी यूटीएफ-८ वर, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या पद्धतीवर नाही, ती करा. आणि नावं आवरती ठेवा. देवनागरी चिन्ह तीन बाइट खातं, फाइलनावाला हद्द २५५ बाइटची, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं. 'चि. सौ. कां.'पासून नाव सुरू करणाऱ्यांना ती हां हां म्हणता संपते.

तुमच्याकडे माझ्यासारखंच दिसेल अशी खात्री मी देत नाही, आवृत्ती आणि फॉन्ट यांवर बरंच ठरतं. तेव्हा 'स्मृतिचिन्ह', 'कार्तिकी' आणि 'उद्घाटन' या नावांच्या तीन रिकाम्या फाइली करा, तिन्ही टर्मिनलांत यादी काढा, आणि रात्री जेवणानंतर, चष्मा न लावता वाचून बघा.