एका इंजिनाच्या विमानासाठी कमरेचं लाइफ जॅकेट: घ्यावं का?

घ्यावं. पण ते कमरेच्या पाउचमध्ये घडी करून ठेवलेलं असतं, तिथून काढून डोक्यातून घालायचा सराव करणार असाल तरच.

छोट्या विमानाचं इंजिन हजार फुटांवर बंद पडलं, तर पाणी गाठेपर्यंत जेमतेम दीड मिनिट मिळतं. तेवढ्यात ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाविना तरंगत उतरण्याचा वेग धरायचा, इंधनाची टाकी बदलून पाहायची, रेडिओवर मेडे, म्हणजे संकटाचा संदेश द्यायचा, टेकण्याआधी दार किलकिलं करायचं. सीटखाली चाचपडायला वेळ कुठला? २००९ मध्ये हडसन नदीवर उतरलेल्या एअरबसमध्ये १५० प्रवासी होते. जॅकेटचा कमरपट्टाही आपण स्वतः बांधला, असं चौकशीत सांगणारे फक्त चौघे निघाले. कमरेचं पाउच उड्डाणाआधीच अंगावर असतं, आणि उकडतंय म्हणून कोणी ते काढून ठेवत नाही.

बोटीवरचं आपोआप फुगणारं जॅकेट मात्र विमानात नकोच. पाणी लागलं की त्यातली गोळी विरघळते आणि ते केबिनमध्येच फुगतं. दाराची वरची कड पाण्याखाली गेली असेल, तर बुडी मारून बाहेर पडणं अशक्य होतं. १९९६ मध्ये कोमोरोज बेटांजवळ इंधन संपून समुद्रात कोसळलेल्या इथिओपियन एअरलाइन्सच्या बोइंग ७६७ विमानात, आधीच जॅकेट फुगवून बसलेले कित्येक जण असेच आत अडकून बुडाले. चाकं आत न जाणारी छोटी विमानं पाण्यावर उलटतातही. जॅकेट फुगवायची दोरी ओढायची ती बाहेर पडल्यावरच.

चांगल्या पाउचमधल्या जॅकेटला हवेचे दोन स्वतंत्र कप्पे, प्रत्येकाला फुगवणाऱ्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वायूचा वेगळा सिलिंडर, तोंडाने फुंकायची नळी, शिटी आणि पाणी लागताच पेटणारा दिवा असतो. मोठ्यांच्या जॅकेटला ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलोचा उठाव (पाण्यात वर उचलून धरणारा जोर) हवा.

खोट एकच, पण मोठी: वापरताना दोन टप्पे पडतात. आधी बाहेर काढून डोक्यातून घाला, मग ओढा. थंड पाण्यात पहिलं मिनिट नुसतं धापा टाकण्यात जातं, आणि दहाएक मिनिटांत बोटं ऐकेनाशी होतात. त्यातून घडी चुकली असेल, तर दोरीची लाल मूठ कापडाच्या आत दबलेली राहते आणि ओल्या हाताला सापडत नाही. पाउचचा पट्टा सीटबेल्टच्या बकलवर येऊ देऊ नका. बकल उघडताना हात नेमका तिथेच अडतो.

देखभाल सोपी आहे, तरी टाळली जाते. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा. त्यावर छापलेल्या वजनापेक्षा कमी भरला तर बदला. जॅकेट तोंडाने फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ पडलं तर कुठेतरी गळती आहे. तपासणी झाली की हवा पूर्ण काढा, कारण भरलेल्या कप्प्यात सिलिंडरचा वायू सुटला तर शिवण फाटू शकते. दिव्याच्या बॅटरीची मुदत वेगळी असते, तीही बघा.

लहान मुलांना हे पाउच चालत नाही. त्यांच्या वजनाप्रमाणे वेगळं घ्यावं लागतं.