जत्रेतली स्वप्नफलाची पुस्तिका: घ्यावी का?

सौंदत्तीच्या जत्रेत, बेळगावात खडेबाजारात मिळते तसली ही पातळ पुस्तिका. छपाई वाचनीय आहे, पण भाकितांवर भरवसा ठेवू नका. 'स्वप्नात दात पडला तर घरात मरण' म्हणते. कोणाचं, किती दिवसांत, ते कुठेच नाही. मुदत नसलेलं भाकीत कधी खोटं ठरतच नाही, हीच तिची मोठी खोट. घाबरलेल्या आजींना तर हे पान वाचून दाखवूच नये.

१९३२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध वैमानिक लिंडबर्ग यांचं बाळ पळवलं गेलं, तेव्हा हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांकडून त्याबद्दल पडलेली स्वप्नं मागवली. सुमारे १३०० आली. पुढे बाळ झाडीत पुरलेलं, मृत सापडलं. मृत्यू, पुरलेलं शरीर आणि झाडी, तिन्ही जुळलेली स्वप्नं फक्त ४.

त्याच पैशात साधी वही घ्या. जाग येताच, अंथरूण सोडण्याआधी लिहा. काही मिनिटांत बरंचसं स्वप्न निसटतं. तारीख, वेळ, आणि स्वप्न खरं ठरलं असं नेमकं कशाला म्हणायचं, मुदतीसह. नोंद घटनेनंतर केली तर बाद, कारण आठवण घडलेल्या गोष्टीप्रमाणे बदलते. मुदत संपली की चुकलेलीही मोजा. बहुतेकजण इथेच कंटाळतात आणि जुळलेलं एकच स्वप्न गावभर सांगतात.