लिब्रेऑफिस इम्प्रेस वर्षभर वापरून: सगळा जीव फॉन्टात अडकलाय

परवान्याचे पैसे वाचवायला वर्षापूर्वी क्लासच्या मशिनींवर इम्प्रेस हे स्लाइड बनवायचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. वाचलेल्या पैशांत प्रोजेक्टर दुरुस्त झाला. तक्ते, नकाशे, सगळं नीट होतं. फोनवरून स्लाइड पुढं सरकवता येते, ही सोय तर फारच आवडली.

पण गेल्या महिन्यात सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये भूगोलाचं व्याख्यान विस्कटलं. मुक्ता फॉन्टातलं 'सोलापूर जिल्हा: पाऊस आणि उजनीचं पाणी' हे शीर्षक तिथल्या लॅपटॉपवर भलत्याच फॉन्टात उघडलं, दोन ओळींत मोडलं आणि नकाशावर चढलं. करमाळा, माढा झाकले गेले, म्हणजे नेमकं धरणच गायब! बिगर-युनिकोड फॉन्टातल्या (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या) जुन्या स्लाइडचं तर विचारूच नका. मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं.

हे दुखणं मुळात नव्हतं, म्हणून जास्त चीड येते. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांचं पॉवरपॉइंट फोरथॉट कंपनीनं १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी आणलं (त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं १.४ कोटी डॉलरला ती कंपनीच घेतली). तेव्हा त्यावर ओएचपीसाठी (ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी) काळ्या-पांढऱ्या ट्रान्सपरन्सी, म्हणजे पारदर्शक पानं, करायची. एकदा छापलं की अक्षर जागचं हलत नसे. पुढच्या वर्षी रंग आले, ३५ मिमी स्लाइड करता येऊ लागल्या. त्यांतही अक्षर पक्कंच. लॅपटॉप थेट प्रोजेक्टरला जोडायला लागलो, तेव्हापासून प्रत्येक मशीन आपल्याकडच्या फॉन्टात पान नव्यानं मांडतं. मराठी फॉन्टांची उंची-रुंदी इतकी वेगवेगळी, की फटका आपल्यालाच जास्त.

त्या रात्री इम्प्रेस काढून टाकायचं ठरवलंच होतं. मग फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टचा टॅब सापडला आणि मत बदललं. तिथं खूण केली की फॉन्ट फाइलमध्येच बसतो. फाइल जड होते, होऊ दे! दुसऱ्या मशिनीवरच्या इम्प्रेसमध्ये शीर्षक एका ओळीत राहिलं. ही खूण आधीपासूनच असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. समोर इम्प्रेस नसेल तर पीडीएफ. अ‍ॅनिमेशन जातं, अक्षर टिकतं.

आता पेनड्राइव्हवर दोन्ही ठेवतो. क्लासवाल्यांनी परवान्यावर खर्च करण्याआधी इम्प्रेस जरूर वापरून बघावं. फक्त जुन्या फॉन्टातल्या स्लाइड आधी युनिकोडमध्ये करून घ्या. तो फॉन्ट असलेलं मशीन भंगारात गेलं, की त्यातला एक शब्दही धड दुरुस्त करता येणार नाही.