कमांड लाइनची हिस्टरी तपासायची तर रीडलाइन, लिबएडिट की लाइननॉइज?

सोलापुरातल्या एखाद्या टॉवेल कारखान्याच्या गोदामासाठी तुम्ही टर्मिनलवर चालणारं नोंदीचं साधन बनवताय, असं धरू. कारकून दिवसभर थोड्याफार फरकाने त्याच नोंदी टाकतो: वरच्या बाणाने आधीची ओळ आणायची, नग बदलायचे, एंटर. इथे हिस्टरी, म्हणजे आधी टाकलेल्या ओळींची यादी, घसरली की एका पार्टीचा माल दुसरीच्या नावावर चढतो. रीडलाइन, लिबएडिट आणि लाइननॉइज या टर्मिनलवर ओळ टाइप करण्याची आणि आधीच्या ओळी परत आणण्याची सोय देणाऱ्या तीन लायब्रऱ्या. त्यातली एक निवडताना माझा पहिला प्रश्न एकच असतो: हिच्या हिस्टरीची टेस्ट मला धडपणे लिहिता येईल का?

हिस्टरीची कामं दोन. ओळींची यादी सांभाळणं आणि त्या यादीतून बाणांनी फिरणं.

यादी तपासायला रीडलाइन सर्वांत सोयीची. टर्मिनल नसतानाही ॲड_हिस्टरीने ओळी घालता येतात, हिस्टरी_गेटने वाचता येतात. स्टायफल_हिस्टरीने मर्यादा 3 करा आणि चौथी ओळ घाला: हिस्टरी_लेंग्थ 3 च राहते, पण हिस्टरी_बेस (यादीतल्या पहिल्या ओळीचा क्रमांक) 2 होतो आणि पहिल्या क्रमांकावर काहीच मिळत नाही. ही टेस्ट आधी लिहा. लागोपाठ आलेली तीच ओळ गाळणं मात्र रीडलाइन करत नाही, ते तुमच्या कोडाचं काम.

लिबएडिटमध्ये तीच ओळ गाळण्यासाठी पर्याय आहे, पण क्रम उलटा वाटतो: ‘पहिली’ नोंद म्हणजे सर्वांत नवी. शिवाय हिस्टरीची सेव्ह केलेली फाइल साध्या मजकुरात नसते. सुरुवातीला स्वतःची खूण असते आणि ओळीतल्या रिकाम्या जागेच्या ठिकाणी उलटी तिरपी रेघ व 040 लिहिलेलं असतं. फाइल उघडून थेट मजकूर ताडणारी टेस्ट इथे आपटते.

लाइननॉइज छोटी, वाचायला छान. पण तिची यादी कोडाच्या आत बंद आहे; फाइलमध्ये सेव्ह करूनच ती बघायची. शेजारची तीच ओळ ती स्वतः गाळते, मर्यादा मुळात 100. गंमत म्हणजे टाइप करायला सुरुवात होताच ती चालू ओळीसाठी यादीत एक रिकामी नोंद घालते. म्हणजे यादी भरलेली असेल आणि मर्यादा 3 असेल, तर वरच्या बाणाने जुन्या ओळी 2 च भेटतात. टेस्टमध्ये 3 अपेक्षिलेत तर दोष लायब्ररीत शोधत बसाल.

खरा फरक मात्र फिरण्यात आहे. जुनी ओळ वर आणली, 40 चे 45 केले, पण एंटर न मारता आणखी वर गेलो, तर त्या जुन्या ओळीचं काय होतं? रीडलाइन बदल धरून ठेवते. एंटर मारल्यावर असे बदल पुसणारं रिव्हर्ट-ऑल-ॲट-न्यूलाइन सेटिंग मुळात बंद असल्याने पुढच्या नोंदीच्या वेळीही तिथे 45 च दिसतात. लाइननॉइज सरळ जुन्या नोंदीवरच लिहिते. लिबएडिट बदल टाकून देते. गोदामाच्या कारकुनाला लिबएडिटचंच वागणं समजेल, असं मला वाटतं. अर्धवट टाइप केलेली नवी ओळ तिघीही जपतात, तरी वर जाऊन परत खाली येण्याची टेस्ट हवीच.

हे सगळं तपासायला सूडो-टर्मिनल, म्हणजे खऱ्यासारखं वागणारं आभासी टर्मिनल, लागतं. त्यावर प्रोग्राम चालवून कळा पाठवणारं पायथॉनचं पीएक्सपेक्ट पुरेसं आहे. प्रॉम्प्ट दिसेपर्यंत एकही कळ पाठवू नका. लाइननॉइज रॉ मोडमध्ये (जिथे प्रत्येक कळ लगेच, जशीच्या तशी प्रोग्रामला मिळते) जाताना आधी आलेलं इनपुट फेकून देते, आणि मग तीच टेस्ट एकदा पास, एकदा फेल. बाणाऐवजी कंट्रोल-पी पाठवलेलं बरं, बाणाची कळ एस्केपपासून सुरू होणारे अनेक बाइट पाठवते, त्यांच्या वेळेची भानगड राहत नाही. रीडलाइन 8.1 पासून (2020) ब्रॅकेटेड पेस्ट (पेस्ट केलेला मजकूर खुणांमध्ये घालून वेगळा ओळखणं) आपोआप चालू असतं, त्याचे संकेत आउटपुटमध्ये घुसतात. टेस्टसाठी वेगळी इनपुटआरसी, म्हणजे रीडलाइनच्या सेटिंगची फाइल देऊन ते बंद करा.

आपल्या गावात पार्टीचं नाव मराठी, कन्नड किंवा तेलुगू, कुठल्याही लिपीत येऊ शकतं. ‘सोलापूर’ वाचताना अक्षरं 4, युनिकोडचे संकेत 7, यूटीएफ-8 मध्ये बाइट 21. यादीला त्याने फरक पडत नाही, कर्सरला पडतो. लाइननॉइजच्या जुन्या प्रती बाइटलाच अक्षर समजतात, आणि ही लायब्ररी बहुतेक जण प्रकल्पात कॉपी करूनच ठेवत असल्याने अशा प्रती सर्रास भेटतात. बॅकस्पेसची टेस्ट देवनागरीतच लिहा.

परवान्याचं थोडक्यात. रीडलाइन जीपीएल 3 वर आहे, म्हणजे ती वापरलेलं साधन दुसऱ्याला देताना सोर्सही द्यावा लागतो. सोर्स न देता साधन ग्राहकाला द्यायचं असेल तर ती बादच. उरलेल्या दोघी बीएसडी, त्यात ती अट नाही. अशा वेळी मी लिबएडिट घेईन आणि फाइलचं स्वरूप न तपासता सेव्ह करून परत लोड केलेली यादी ताडून बघेन. कॉलेजच्या प्रकल्पात किंवा घरच्या वापराला मात्र रीडलाइनच, फक्त ते रिव्हर्टचं सेटिंग चालू करून.