दहा महिन्यांसाठी घेतलेली जुनी गाडी: ११,६०० किलोमीटरनंतरचा अनुभव

काम ठरलेल्या मुदतीचं होतं, दहा महिन्यांचं. ऑफिस नऊ किलोमीटरवर आणि आठवड्यातून एकदा जाऊन-येऊन १६० किलोमीटरची फेरी. गाडीशिवाय जमणार नव्हतं आणि काम संपल्यावर ती ठेवायला जागाही नव्हती. भाड्याच्या गाडीची चौकशी केली, तर दहा महिन्यांचं भाडं एका बऱ्या जुन्या गाडीच्या निम्म्या किमतीच्या वर जात होतं. म्हणून २०२४ मध्ये जुनी गाडी घेतली, मुदतभर वापरली आणि विकली. घेतानाच्या शोधापासून विकल्यानंतरच्या हिशोबापर्यंत सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे, त्यावरून हे लिहिते आहे.

गाडी २०१३ ची छोटी हॅचबॅक. १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, साधे पाच मॅन्युअल गिअर. घेतली तेव्हा रीडिंग ७४,३००, विकली तेव्हा ८५,९००. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच मॉडेलच्या, याच वर्षाच्या दोन गाड्या मी आठवडाभराच्या अंतराने पाहिल्या होत्या. एक आजही दहा वर्षं चालेल अशी, दुसरी आतून गंजलेली. इतक्या जुन्या गाडीत मॉडेलच्या नावावरून फार थोडं कळतं, आधीच्या मालकाने ती कशी ठेवली यावर जवळजवळ सगळं असतं.

टोयोटा कोरोला किंवा होंडा सिव्हिक अशा नावाजलेल्या गाड्या मी आधी पाहिल्या. कोरोला १९६६ पासून बनते आहे, सुटे भाग कुठेही मिळतात, आणि टिकाऊपणाची ख्याती इतकी की जुन्या गाडीचीही किंमत चढीच असते. थोड्या दिवसांसाठी घेणाऱ्याला ही चढी किंमत तशी बुडीत जात नाही, विकताना बरीचशी परत मिळते. पैसे हाताशी असतील तर हाच सरळ रस्ता. माझ्या बजेटात मात्र कोरोला घ्यायची तर पंधरा-सोळा वर्षांची, पावणेदोन लाख किलोमीटर झालेली मिळत होती. तेवढ्याच पैशात कमी नावाजलेली, कमी चाललेली आणि सगळ्या पावत्या असलेली गाडी मिळत होती. मी पावत्या निवडल्या, आणि त्याचा एकदाही पस्तावा झाला नाही.

शोधताना मी एक यादी केली होती: माझ्या दहा महिन्यांत या गाडीला काय काय येऊन ठेपणार आहे? पाच वर्षं ठेवणाऱ्याला सरासरी बघून चालतं, त्याचा एक मोठा खर्च साठ महिन्यांत विरून जातो. माझ्याकडे दहाच महिने. उदाहरणार्थ टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा इंजिनातला पट्टा. बऱ्याच इंजिनांत तो साधारण एक लाख किलोमीटरच्या आसपास बदलायचा असतो, आणि किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षांची मर्यादा असतेच. मी पाहिलेली एक गाडी ९६,००० ला होती, दिसायला देखणी, बेल्ट बदलल्याची पावती नाही. मालक म्हणाला, "अजून काही होत नाही त्याला." चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन खोलावंच लागतं. बेल्ट वेळेवर बदलला तरी तो खर्च माझा, आणि उपभोग पुढच्या मालकाचा. त्या गाडीला नाही म्हटलं. मी घेतलेल्या इंजिनात टायमिंग चेन होती. चेनला ठरलेली मुदत नसते, पण तेल वेळच्या वेळी बदललं नाही तर तीही सैल पडते. म्हणजे पुन्हा पावत्यांवरच आलं.

डिझेल मी पाहिलंच नाही. रोजचा पल्ला नऊ किलोमीटर, इंजिन जेमतेम गरम होतं, आणि आजकालच्या डिझेल गाड्यांतला काजळी धरणारा फिल्टर अशा छोट्या फेऱ्यांत चोंदतो. ऑटोमॅटिकही टाळली. चांगल्या असतात, पण जुना गिअरबॉक्स बिघडला की खर्च गाडीच्या किमतीला भिडतो, आणि दहा महिन्यांच्या सोयीसाठी मला ती जोखीम नको होती.

एकूण सात गाड्या पाहिल्या. त्यातल्या तीन जागच्या जागी सोडल्या, त्या का सोडल्या ते सांगते.

पहिली: ठरलेल्या वेळी गेले, मालकाने हसतमुखाने किल्ली दिली. मी बोनेटवर हात ठेवला तर ते कोमट. गाडी आधीच सुरू करून, गरम करून ठेवलेली होती. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हाच चेनचा खडखडाट, निळा धूर, अडखळणारं आयडलिंग हे सगळं उघडं पडतं. पाच मिनिटं चालली की निम्मी लक्षणं झाकली जातात. कदाचित त्या माणसाच्या मनात काही नसेलही. पण मी "थंड असताना बघायची आहे" असं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं.

दुसरी: आतून चकाचक, सुगंधी. मी सीट बेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची तपकिरी रेघ होती, सरळ, जणू पट्टीने आखलेली. बेल्टचा तो भाग एरवी गुंडाळलेलाच असतो, धुणाऱ्याच्या हाताला लागत नाही. मग सीटखाली मोबाइलचा टॉर्च मारला, तर सीटचे रूळ गंजलेले. गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. पाण्यात गेलेल्या गाडीचं वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि ते माझ्याच दहा महिन्यांत देणार नाही याची हमी कोण घेणार?

तिसरीच्या बाबतीत मला अजून थोडी रुखरुख आहे. माझ्याकडे ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा, साधा ब्लूटूथ रीडर आहे, स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटात लावायचा आणि मोबाइलवर वाचायचं. या गाडीत एकही एरर कोड नव्हता, पण सगळ्या स्वयंचाचण्यांपुढे "अपूर्ण" दिसत होतं. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की गाडीचा संगणक या चाचण्या पहिल्यापासून सुरू करतो, आणि त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचं नेहमीचं ड्रायव्हिंग लागतं. मालक म्हणाला, कालच बॅटरी बदलली. खरंही असेल. मी विचारलं, "आठवडाभर तुम्ही वापरा, मग परत येऊन बघते, चालेल?" तो म्हणाला, गिऱ्हाईक खूप आहेत, घ्यायची तर आज घ्या. मी निघून आले. रीडरवर कोड नाहीत एवढंच पाहून खूश होणाऱ्यांनी ही दुसरी ओळ जरूर पाहावी, कोड पुसायला अर्धं मिनिट पुरतं.

आणि मग ही गाडी. विकणाऱ्या एक निवृत्त काकू, पहिल्याच मालकीण. मी विचारलं, "काकू, सकाळी लवकर येऊ का? इंजिन थंड असताना सुरू करून बघायचंय." त्या म्हणाल्या, "ये की. तू येईपर्यंत मी गाडीला हातसुद्धा लावत नाही." गेले तेव्हा बोनेटवर दव होतं. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. काकूंनी एक जाड फाइल पुढे ठेवली: अकरा वर्षांच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या, तारखेनुसार लावलेल्या, प्रत्येकीवर रीडिंग. मी ते आकडे एकाखाली एक लिहून काढले. दरवर्षी सहा-सात हजारांची वाढ, कुठेही मागे गेलेला आकडा नाही. मीटर फिरवलेला नाही याचा याहून सोपा पुरावा नाही. पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीजही त्या आकड्याला शोभेल अशीच होती. चॅसिस नंबर टाकून कंपनीचं काही रिकॉल बाकी आहे का तेही पाहिलं. ताकाता या कंपनीने बनवलेल्या सदोष एअरबॅगच्या प्रकरणात जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, आणि असं रिकॉलचं काम मालक कितवाही असला तरी सहसा फुकट होतं. इथे काही बाकी नव्हतं. शेवटी ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवली. काकूंना यातल्या कशालाही हरकत नव्हती.

मेकॅनिकने दोन गोष्टी दाखवल्या. ब्रेक ऑइल तीन वर्षं जुनं होतं. ते हवेतला ओलावा शोषतं, त्याचा उकळबिंदू उतरतो, म्हणून दोन वर्षांनी बदलावं. आणि पुढचे टायर. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी कोड होता १४१६, म्हणजे २०१६ च्या चौदाव्या आठवड्यातले. आठ वर्षांच्या रबराला बारीक तडे गेले होते. तेवढे पैसे किमतीतून कमी करून मिळाले, आणि आठवड्याच्या आत दोन्ही कामं करून घेतली. नवे टायर मेकॅनिकने मागे बसवले आणि मागचे पुढे आणले. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर गाडी गरकन फिरते, सावरणं फार अवघड जातं. मला हे ठाऊक नव्हतं, मी नवे टायर पुढेच टाका म्हणणार होते.

दहा महिन्यांत गाडीने मला एकदाही रस्त्यात उभं केलं नाही. बॅटरी सहाव्या महिन्यात बदलली, तीही आधीच. सकाळी सेल्फ जड वाटायला लागला, रात्रभर उभ्या गाडीचा व्होल्टेज मोजला तर १२.१ आला, चांगल्या बॅटरीचा १२.६ च्या आसपास हवा. इंजिन सुरू असताना १४.२ येत होता, म्हणजे चार्जिंग ठीक होतं आणि दोष बॅटरीचाच.

खरा धडा चौथ्या महिन्यात मिळाला. अ‍ॅव्हरेज १७ वरून १५ वर आलं. थंडी पडली होती, म्हणून मी आधी तिकडे दुर्लक्ष केलं. मग लक्षात आलं की हीटरमधून गरम हवा यायला ऑफिस येतं, आणि तापमानाचा काटा निम्म्यापर्यंत चढतच नाही, हायवेवर तर उलट खाली उतरतो. रीडर लावला: पी०१२८. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रोखून धरणारी झडप, उघडाच अडकला होता, त्यामुळे इंजिनाला हवी तेवढी ऊब धरता येत नव्हती आणि संगणक थंड इंजिन समजून जास्त पेट्रोल सोडत होता. गाडी अशीही चालली असती, पाच-सहा महिने सहज काढता आले असते. काही जण म्हणाले, तू कशाला खर्च करतेस, विकायचीच आहे ना! पण सतत थंड चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल आणि ओलावा तेलात मिसळत राहतो आणि आतली झीज वाढते. काकूंनी अकरा वर्षं जपलेलं इंजिन माझ्या हातात खराब व्हावं हे मला पटेना. थर्मोस्टॅट आणि कूलंट दोन्ही बदललं. अ‍ॅव्हरेज दोन आठवड्यांत पुन्हा १७ झालं. पावती, रीडरवरच्या कोडचा फोटो आणि जुना थर्मोस्टॅट, तिन्ही जपून ठेवलं.

जपून ठेवायचं कारण विकण्याशी आहे. जुन्या गाडीच्या व्यवहारात विकणाऱ्याला दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारात यायलाच कचरतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एका लेखात हे मांडलं, आणि २००१ चं नोबेल त्यांना ज्या कामासाठी मिळालं त्यात तो लेख होता. थोड्या दिवसांचा मालक तर या संशयाचं पहिलं गिऱ्हाईक. दहा महिन्यांत गाडी विकतोय म्हणजे काहीतरी गडबड असणार, असंच कोणालाही वाटेल. मलाही वाटलं असतं. त्यावर तोंडी खुलासा चालत नाही, कागदच दाखवावे लागतात. म्हणून काकूंच्या फाइलमध्ये मी माझी पानं पहिल्या आठवड्यापासून जोडत गेले.

हिशोब असा. घेतल्याची किंमत शंभर धरली तर गाडी ९२ ला गेली. वरखर्च: घेतल्यावरचं सर्व्हिसिंग आणि ब्रेक ऑइल ४, दोन टायर ४, थर्मोस्टॅट २, बॅटरी २, मेकॅनिकची तपासणी १. म्हणजे एकूण २१, महिन्याला दोनच्या किंचित वर. पेट्रोल आणि विमा वेगळा, तो कुठल्याही गाडीला लागलाच असता. घेताना शंभरावर वीस बाजूला काढून ठेवले होते, त्यातले तेरा लागले. ही वेगळी रक्कम ज्याच्याकडे नाही त्याने आणखी स्वस्त गाडी घ्यावी, पण सगळे पैसे किमतीत घालू नयेत. पहिल्याच महिन्यात टायर घ्यावे लागले तेव्हा मला हे नीट कळलं.

तक्रारी म्हणाल तर हायवेवर पाचव्या गिअरला चढावर दम नाही, चौथा टाकावाच लागतो. टायरचा आवाज आत येतो. मागच्या सीटवर उंच माणूस तासाभरात वैतागतो. दहा महिन्यांसाठी मला यातलं काहीच मोठं वाटलं नाही.

जाहिरातीत मी पहिल्याच ओळीत कामाची मुदत संपल्याचं लिहिलं. पाच जण येऊन गेले, तिघांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. चौथ्याने किमतीवर घासाघीस केली आणि गेला. पाचवा मुलगा सकाळी साडेसहाला आला, काही न बोलता त्याने आधी बोनेटवर हात ठेवला, आणि मला तिथेच बरं वाटलं. फाइल त्याने पानन् पान वाचली. थर्मोस्टॅटच्या पावतीशी थांबून म्हणाला, "ताई, विकायचीच होती तर हे का केलंत?" मी त्याला कोडचा फोटो आणि जुना थर्मोस्टॅट दाखवला, इंजिनाचं काय झालं असतं ते सांगितलं. त्याने रीडर मागितला, स्वतः लावून पाहिला, आणि अपूर्ण चाचण्यांची ओळही पाहिली.

किल्ल्या देताना फाइलच्या शेवटच्या पानावर पुढची कामं लिहून दिली: ब्रेक ऑइल पुढच्या वर्षी, पुढचे टायर २०१९ चे आहेत तेही तेव्हाच, आणि क्लच आता जरा वर धरायला लागलाय.